निवृत्तीचा आकडा घरच्या वहीतून काढा

आईच्या कपाटात लांबट लाल वह्यांची चळत आहे. दूध, किराणा, पेपरबिल, कुणाच्या लग्नाचा आहेर, असं सगळं ती रोज रात्री त्यात लिहायची. अजूनही लिहिते. २००४ साली बाबा निवृत्त झाले, त्या महिन्याच्या पानावर दोघांच्या खर्चाची बेरीज आहे ६,४०० रुपये. गॅस सिलिंडर तेव्हा तीनशेच्या आत मिळायचं. वीस वर्षांनंतरच्या, २०२४ च्या वहीत त्याच महिन्याची बेरीज आहे २१,५०० रुपये, आणि तीही तिच्या एकटीची. बाबा २००९ मध्येच गेले.

निवृत्तीच्या दिवशी बाबांनी हिशेब केला होता, तो मला आजही आठवतो. फंड (प्रॉव्हिडंट फंड, पीएफ) आणि ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सुटताना कंपनी देते ती एकरकमी रक्कम, मिळून सात लाख. त्याचं व्याज महिन्याला सव्वापाच हजार, वर फंडाची पेन्शन हजार-अकराशे. घरखर्च भागला. कागद घडी करून त्यांनी खिशात ठेवला आणि निवांत झाले. त्यात दोन गोष्टी राहून गेल्या. व्याज तेवढंच राहणार आणि दूध-भाजी महागत जाणार, हे त्यांनी धरलं नाही. आणि हिशेब त्यांनी स्वतःच्या आयुष्याचा केला, आईच्या नाही. आई त्यांच्याहून सहा वर्षांनी लहान.

म्हणून मला कुणी विचारलं, की निवृत्तीला किती पैसे लागतील, तर मी आधी कोटींचा आकडा सांगत नाही. आधी वही काढायला सांगतो. आकडा तुमच्या घरातल्या खर्चातूनच निघतो. शेजारच्याचे दोन कोटी तुम्हाला कमी पडू शकतात किंवा जास्तही होऊ शकतात. खाली सगळं एका उदाहरणाने करून दाखवतो. उदाहरण नाशिकचं आहे: नवरा सातपूरच्या कारखान्यात नोकरीला, वय ३८, बायको ३५, शाळेत जाणारी दोन मुलं. हातात येणारा पगार ७५,००० रुपये. जोडपं काल्पनिक आहे, पण आकडे आपल्यापैकी अनेकांच्या घरातले आहेत. कागद-पेन घ्या आणि शेजारी स्वतःचे आकडे मांडत चला.

पहिली पायरी: तीन महिने खर्च लिहा

अंदाजाने खर्च सांगणारा माणूस जवळजवळ नेहमीच कमी सांगतो. तीन महिने वहीत किंवा मोबाइलवर लिहा, यूपीआयचे मेसेज आणि बँकेचं पासबुक ताडून बघा. नाशिकच्या घराचा महिन्याचा खर्च निघाला ६२,००० रुपये.

आता त्यातले, निवृत्तीनंतर बंद होणारे खर्च बाजूला काढा. गृहकर्जाचा हप्ता १८,०००. मुलांची शाळा आणि क्लास ९,०००. कामावर जाण्यायेण्याचं पेट्रोल आणि टर्म इन्शुरन्सचा हप्ता मिळून ४,०००. एकूण ३१,००० गेले, ३१,००० उरले.

मग नवे येणारे खर्च घाला. साठीनंतर बहुतेक घरांत बीपी-शुगरच्या गोळ्या, तपासण्या, डोळ्यांचं, दातांचं काही ना काही सुरू होतं. आजच्या भावाने महिन्याला ३,००० धरले. झाले ३४,०००.

इथे बहुतेक जण थांबतात आणि फसतात, कारण महिन्याच्या वहीत वर्षातून एकदा येणारे खर्च दिसतच नाहीत. घरपट्टी, दिवाळी, भाचीच्या लग्नाचा आहेर, गावच्या घराची कौलं, आरोग्य विम्याचा हप्ता, दहा वर्षांनी बदलावा लागणारा फ्रिज, सोसायटीने अचानक काढलेली रंगकामाची वर्गणी. नोकरीत असताना हे बोनसमधून निघून जातं, म्हणून जाणवत नाही. निवृत्तीनंतर बोनस नसतो. नाशिकच्या जोडप्याने मागचं वर्ष आठवून यादी केली, म्हातारपणी विम्याचा हप्ता वाढेल तो धरला, आणि बेरीज झाली ७२,००० रुपये. म्हणजे महिन्याला ६,०००.

एकूण ४०,००० रुपये महिना, वर्षाला ४ लाख ८० हजार. हा आकडा आजच्या भावाचा आहे. तुमचा जो येईल त्याभोवती गोल करा, पुढचा सगळा हिशेब त्याच्यावर उभा राहणार आहे.

मुलांचं उच्च शिक्षण आणि लग्न यात धरलेलं नाही, ते मुद्दाम. त्याची वेगळी वही, वेगळे पैसे. म्हातारपणाच्या पैशांतून मुलीचं इंजिनीअरिंग काढलं, की दोन्हीचा हिशेब चुकतो.

दुसरी पायरी: महागाई लावा

आमच्या आईच्या वहीत वीस वर्षांत खर्च सव्वातीन पटीच्या वर गेला, आणि तोही दोघांचा एकीवर आल्यावर. रिझर्व्ह बँकेचं महागाईचं उद्दिष्ट ४ टक्के आहे, वरखाली दोन टक्क्यांची सूट धरून. घरचा हिशेब करताना मी ६ टक्केच धरतो. औषधं आणि शिक्षण यांची चाल सरासरीहून वेगवान असते, आणि कमी धरून फसण्यापेक्षा जास्त धरून वाचलेलं बरं.

तोंडी अंदाजासाठी ७२ ला महागाईच्या दराने भागा. ७२ भागिले ६, बारा. म्हणजे बारा वर्षांत खर्च दुप्पट. नेमकं हवं असेल तर ६ टक्के महागाईने आजचा खर्च १० वर्षांनी १.७९ पट, १५ वर्षांनी २.४० पट, २० वर्षांनी ३.२१ पट आणि २५ वर्षांनी ४.२९ पट होतो.

नाशिकचा माणूस ५८ व्या वर्षी निवृत्त होणार, म्हणजे अजून २० वर्षं. ४०,००० गुणिले ३.२१ म्हणजे सुमारे १ लाख २८ हजार रुपये महिना. वर्षाला १५ लाख ३९ हजार. हा आकडा बघून लोक दचकतात. दचकू नका, राहणीमान तेच आहे. तीच भाजी-पोळी, तोच पेपर, तेच घर. रुपया तेवढा लहान झालेला असेल.

तिसरी पायरी: किती वर्षं? बायकोच्या वयाने मोजा

बाबा जिथे चुकले ती ही पायरी, म्हणून इथे जरा थांबतो.

आपल्याकडे नवरा बहुधा वयाने मोठा असतो, आणि बायका सरासरीने पुरुषांपेक्षा जास्त जगतात. दोन्ही एकत्र केलं, तर बऱ्याच घरांत शेवटची सात-आठ वर्षं बाई एकटी काढते. हिशेब तिच्या शेवटच्या दिवसापर्यंत पुरला पाहिजे. ‘मी काही पंच्याहत्तरच्या पुढे जात नाही’ असं म्हणणारे काका प्रत्येक घरात असतात. पण मागे काकू राहतात, आणि त्या काकांच्या आकड्यावर जगू शकत नाहीत.

दोघांपैकी जो लहान, त्याचं वय ८८ ते ९० होईपर्यंत हिशेब धरा. घरात नव्वदी पार केलेले आजी-आजोबा असतील तर ९५ धरा. नाशिकच्या बाई नवऱ्याच्या निवृत्तीवेळी ५५ वर्षांच्या असतील. ८८ पर्यंत धरलं तर ३३ वर्षं. वीस वर्षं पैसे जमवायचे आणि तेहतीस वर्षं पुरवायचे, असा हा व्यवहार आहे.

चौथी पायरी: वर्षांना पटीत बदला

निवृत्तीच्या दिवशी किती पुंजी हवी, हे काढण्याचा सोपा नियम असा: तुमच्या पुंजीवर कर जाऊन मिळणारं व्याज आणि महागाई जर सारखी असेल, तर जितकी वर्षं तितक्या पट वार्षिक खर्च हवा. तेहतीस वर्षांना तेहतीस पट. व्याजाने पैसे जेवढे वाढतात तेवढेच महागाई खाते, त्यामुळे मूळ पुंजीतूनच एकेक वर्ष मोजून खर्च करायचं.

व्याज महागाईपेक्षा एक टक्का जास्त मिळालं, म्हणजे महागाई ६ आणि करानंतरचं उत्पन्न ७ टक्के, तर पट थोडी उतरते. मी हेच धरतो. तेव्हा २० वर्षांसाठी सुमारे १८ पट, २५ साठी साडेबावीस, ३० साठी २६, ३३ साठी साडेअठ्ठावीस, ३५ साठी ३० आणि ४० वर्षांसाठी साडेतेहतीस पट पुंजी लागते.

२५ पटींचा एक नियम तुम्ही ऐकला असेल. तो अमेरिकेतल्या विल्यम बेंगन या सल्लागाराच्या १९९४ च्या अभ्यासातून आलेला आहे. पहिल्या वर्षी पुंजीच्या चार टक्के काढा आणि पुढे महागाईप्रमाणे वाढवत न्या, तर पैसे तीस वर्षं पुरतात, असं त्याने तिथल्या शेअर आणि रोख्यांच्या इतिहासावरून दाखवलं. अभ्यास चांगला आहे, पण देश त्यांचा, महागाई त्यांची आणि वर्षं तीसच. आपल्या जोडप्याला तेहतीस वर्षं काढायची आहेत. मी तो आकडा उसना घेत नाही.

नाशिकचा हिशेब: १५ लाख ३९ हजार गुणिले साडेअठ्ठावीस म्हणजे सुमारे ४ कोटी ३९ लाख रुपये, वीस वर्षांनंतर. आजच्या भावाने बघायचं तर ४ लाख ८० हजार गुणिले साडेअठ्ठावीस, म्हणजे १ कोटी ३७ लाख. दोन्ही आकडे एकाच गोष्टीचे आहेत. वहीत दोन्ही लिहून ठेवा, म्हणजे पुढे कुणी ‘चार कोटी’ म्हटलं तर घाबरायला होत नाही.

पाचवी पायरी: आपोआप काय जमणार आहे ते मांडा

आधी फंड. पगारातून मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या १२ टक्के कापले जातात, तेवढेच कंपनी घालते. पण कंपनीच्या वाट्यातले १,२५० रुपयांपर्यंत पेन्शन योजनेत जातात, सगळे फंडात येत नाहीत. आपल्या माणसाचं मूळ वेतन ४०,००० आहे. त्याचे ४,८०० आणि कंपनीचे ३,५५० असे ८,३५० रुपये दरमहा फंडात पडतात. आजची शिल्लक ८ लाख. फंडाचा व्याजदर २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षांसाठी ८.२५ टक्के होता; मी ८ धरतो. ८ टक्क्यांनी पैसे २० वर्षांत ४.६६ पट होतात, म्हणजे आजचे ८ लाख होतील ३७ लाख. पगार वर्षाला ६ टक्क्यांनी वाढत गेला तर पुढच्या हप्त्यांचे होतील सुमारे ७३ लाख. एकूण १ कोटी १० लाख. ही रक्कम तेव्हाच होईल, जेव्हा नोकरी बदलताना फंड काढला जाणार नाही. दर नोकरीला फंड काढून मोटरसायकल घेतलेली माणसं मी पाहिली आहेत, पन्नाशीत त्यांच्या पासबुकात दोन लाख असतात. युएएन, म्हणजे फंडाचा कायमचा क्रमांक, एकच ठेवा आणि जुना फंड नव्या खात्यात वळवा.

मग ग्रॅच्युइटी. सूत्र असं: शेवटचं मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, गुणिले १५ भागिले २६, गुणिले सेवेची वर्षं. आपला माणूस या कंपनीत सहा वर्षं आहे, ५८ पर्यंत २६ होतील. तेव्हाचं मूळ वेतन १ लाख २८ हजार धरलं, तर सुमारे १९ लाख मिळतील. कायद्याने कमाल मर्यादा २० लाख आहे. नोकऱ्या बदलणार असाल तर हा आकडा खूप खाली येतो, तेव्हा सावधपणे धरा.

फंडाची पेन्शन, म्हणजे १६ नोव्हेंबर १९९५ पासून सुरू झालेली ईपीएस, हिच्याबद्दल मोठे गैरसमज आहेत. सूत्र आहे पेन्शनपात्र वेतन गुणिले सेवेची वर्षं भागिले ७०. पण वेतनाची मर्यादा सध्या १५,००० आहे. पगार लाखभर असला तरी मोजताना पंधराच. ३५ वर्षं सेवा धरली तरी १५,००० गुणिले ३५ भागिले ७० म्हणजे ७,५०० रुपये. २०१४ च्या आधीची सेवा त्याहून कमी मर्यादेवर मोजली जाते. आपल्या माणसाला समजा ७,००० मिळाले. तेव्हाचा खर्च असेल १ लाख २८ हजार, आणि ही पेन्शन महागाईबरोबर वाढत नाही. वरचंच ७ टक्के उत्पन्न धरलं, तर ३३ वर्षांच्या या पेन्शनची किंमत निवृत्तीच्या दिवशी सुमारे साडेअकरा लाख होते. पतीनंतर पत्नीला साधारण निम्मीच मिळते, त्यामुळे ११ लाख धरले तरी ते सढळ हाताने धरल्यासारखे आहेत.

बेरीज करा: ११० अधिक १९ अधिक ११, म्हणजे १ कोटी ४० लाख.

राहतं घर यात धरू नका. त्यात राहायचं आहे, ते विकून खायचं नाही. पीपीएफ, म्हणजे पोस्टात किंवा बँकेत आपण स्वतः पैसे भरतो ते दीर्घ मुदतीचं सरकारी बचत खातं, तेही मी मुद्दाम बाहेर ठेवतो, त्याचं कारण पुढे येतं. भाड्याने दिलेली खोली असेल तर तिचं भाडं खर्चातून वजा करा, पण वर्षातले दोन महिने ती रिकामी राहील असं धरून.

सरकारी नोकरांचं गणित वेगळं आहे. महाराष्ट्र शासनात १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेल्यांना जुनी पेन्शन आहे, ती महागाई भत्त्याबरोबर वाढते. तुम्ही त्यातले असाल तर आधी पेन्शन खर्चातून वजा करा आणि उरलेल्या खर्चालाच पट लावा. अनेकांचा आकडा तिथेच एकदम लहान होतो. ज्यांना फंडही नाही आणि पेन्शनही नाही, म्हणजे दुकानदार, रिक्षाचालक, वकील, घरगुती व्यवसाय करणाऱ्या बायका, त्यांच्यासाठी या पायरीवर शून्य लिहा आणि पुढे चला. शून्य लिहिण्यात कमीपणा नाही, खोटा आकडा लिहिण्यात धोका आहे.

सहावी पायरी: तूट आणि दरमहाची रक्कम

४ कोटी ३९ लाख वजा १ कोटी ४० लाख. तूट सुमारे ३ कोटी.

ही तूट भरायला वीस वर्षं आहेत, म्हणजे शेअर बाजाराशी जोडलेल्या म्युच्युअल फंडात एसआयपी, म्हणजे दरमहा ठरावीक गुंतवणूक, करायला पुरेसा काळ आहे. मी १० टक्के परतावा धरतो. याची कुणी हमी देत नाही. कुणी देत असेल तर तिथून उठा. दर वर्षी पगारवाढीबरोबर एसआयपी ६ टक्क्यांनी वाढवत नेली, तर दरमहा १,००० रुपयांपासून सुरू केलेल्या एसआयपीचे १० वर्षांत सुमारे २ लाख ४१ हजार, १५ वर्षांत ५ लाख ३४ हजार, २० वर्षांत १० लाख ५६ हजार आणि २५ वर्षांत १९ लाख ६३ हजार होतात. शेवटच्या दोन आकड्यांकडे परत बघा. पाच वर्षं आधी सुरू केलं तर पुंजी जवळजवळ दुप्पट होते.

३ कोटी भागिले १० लाख ५६ हजार म्हणजे साधारण २८. म्हणजे महिन्याला २८,००० रुपये. आणि घरात शिल्लक राहतात ७५,००० वजा ६२,०००, म्हणजे १३,०००.

बहुतेक लोक इथेच वही मिटतात. मिटू नका. हिशेबाचं खरं काम इथून सुरू होतं, कारण आता कोणता आकडा किती हलवायचा हे ठरवता येतं.

कंपनीत साठीपर्यंत राहता आलं किंवा दोन वर्षं दुसरीकडे तेवढ्याच पगारावर काम मिळालं, तर तीन गोष्टी एकदम होतात. जमवायला दोन वर्षं जास्त मिळतात, पुरवायची दोन वर्षं कमी होतात, आणि आधीची पुंजी आणखी दोन वर्षं वाढते. हिशेब पुन्हा केला: साठाव्या वर्षी पुंजी लागेल ४ कोटी ६८ लाख, फंड-ग्रॅच्युइटी-पेन्शन मिळून १ कोटी ६६ लाख, तूट ३ कोटी २ लाख. तूट जवळजवळ तेवढीच आहे, पण भरायला बावीस वर्षं. दरमहाची रक्कम २८ वरून २२ हजारांवर आली.

दुसरी गोष्ट, गृहकर्ज आठ वर्षांनी फिटणार आहे. तेव्हापासून १८,००० चा हप्ता तसाच एसआयपीत वळवला, तर पुढच्या चौदा वर्षांत त्याचे सुमारे ६० लाख होतात. हे धरलं, की आज सुरू करायची रक्कम उतरते १८,००० रुपयांवर, दर वर्षी ६ टक्क्यांनी वाढवत.

१३,००० शिल्लक आहेत, ५,००० आणखी हवेत. आता हा प्रश्न कोटींचा राहिला नाही, दोघांनी जेवणाच्या टेबलावर बसून सोडवण्याचा झाला. दुसऱ्या गाडीचा विचार पुढे ढकलायचा, की बाईंनी शिवणकामाच्या ऑर्डर वाढवायच्या, की आज १३,००० नेच सुरू करून दोन पगारवाढींत १८ वर जायचं. माझ्या मते शेवटचा मार्ग सगळ्यांना जमतो. फार तर दोन महिने जास्त काम करावं लागेल. पण या महिन्यात सुरू होतं, आणि ते महत्त्वाचं आहे.

पुंजी सगळी शेअर बाजारात ठेवून निवृत्तीच्या दिवसाकडे जाऊ नका. शेवटच्या पाच-सहा वर्षांत दर वर्षी थोडी थोडी रक्कम मुदत ठेवींत किंवा रोख्यांच्या फंडात हलवत न्या. २००८ साली ज्यांनी निवृत्तीचे सगळे पैसे शेअरमध्ये ठेवले होते, त्यांनी काही महिन्यांत निम्मी रक्कम जाताना पाहिली.

आजारपणाचे पैसे वेगळे

पीपीएफ बाहेर ठेवला तो यासाठी. महिन्याच्या गोळ्या खर्चात धरल्या आहेत, पण गुडघा बदलणं, बायपास, महिनाभर अतिदक्षता विभाग, हे धरलेलं नाही. आपल्या जोडप्याच्या पीपीएफमध्ये आज ३ लाख आहेत. ७.१ टक्क्यांनी बावीस वर्षांत त्याचे साडेतेरा लाखांच्या पुढे होतात, आजच्या भावाने पावणेचार लाख. दर वर्षी बोनसमधले थोडे घालत राहिलं तर विम्याबाहेरच्या खर्चाला पुरेसा आधार होतो.

विम्याबद्दल एकच गोष्ट, पण ती आत्ता करायची आहे. कंपनीचा ग्रुप विमा नोकरीबरोबर संपतो. ५९ व्या वर्षी शुगर असताना नवा विमा घ्यायला गेलात तर आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून कंपनीचा असतानाही स्वतःचा विमा चाळिशीतच घ्या. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला आहे, तेवढा हप्ता हलका झाला. सत्तरी पार केलेल्यांना आयुष्मान भारत योजनेत उत्पन्नाची अट न ठेवता वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. त्यासाठी वेगळं कार्ड काढावं लागतं. आई-वडील सत्तरीचे असतील तर ते आधी काढून द्या.

पैसे ठेवायचे कुठे, एवढं तरी बघा

बाबांनी सात लाखांतले साडेतीन लाख एका पतसंस्थेत ठेवले, कारण बँकेपेक्षा व्याज जास्त होतं आणि संचालक ओळखीचे होते. चार वर्षांनी मुदत संपल्यावर पैसे मिळेनात. आई वहीच्या मागच्या पानावर तारीखवार लिहायची: आज ५,००० मिळाले, आज काउंटर बंद, आज पुढच्या महिन्यात या म्हणाले. ते पान मी जपून ठेवलंय.

बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँकेतल्याही, प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे व्याजासह ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेला हे संरक्षण नाही. म्हातारपणाचे पैसे दीड टक्क्यासाठी तिकडे नेऊ नका, संचालक सख्खा मामा असला तरी. बँकेतही एकाच ठिकाणी पाच लाखांहून बरीच मोठी रक्कम ठेवण्यापेक्षा विभागून ठेवा.

निवृत्तीनंतर नियमित उत्पन्नासाठी सुरुवातीला बघण्यासारखी योजना म्हणजे पोस्टातली आणि बँकांतली ज्येष्ठ नागरिक बचत योजना. साठीनंतर उघडता येते, कमाल ३० लाख, व्याज तिमाहीला हातात. ८.२ टक्के दराने ३० लाखांचे तिमाहीला ६१,५०० रुपये येतात. पंचावन्न ते साठच्या दरम्यान निवृत्त झालेल्यांनाही उघडता येते, पण निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत. ही मुदत अनेकांची हुकते. आलेलं सगळं व्याज मात्र खर्च करू नका. त्यातलं थोडं परत गुंतवलं नाही, तर बाबांसारखं होतं: व्याज जिथल्या तिथे राहतं आणि सिलिंडर आठशेवर जातं.

दर वर्षी एक तास

हा हिशेब एकदा करून फ्रेम करायचा नसतो. पाडव्याला किंवा एप्रिलमध्ये पगारवाढीचं पत्र आल्यावर एक तास काढा. वार्षिक खर्च नव्याने लिहा, फंडाचं पासबुक उघडून शिल्लक लिहा, एसआयपी वाढवली का ते बघा. परतावा १० ऐवजी ९ टक्के धरून एकदा करून पाहा, म्हणजे किती घट्ट बसलोय ते कळतं.

त्याच तासात नामनिर्देशन तपासा. फंडाच्या खात्यात लग्नाआधी आईचं नाव घातलेलं असतं आणि तसंच राहतं. बँकेची खाती दोघांच्या नावाने आणि ‘दोघांपैकी कुणीही किंवा हयात असेल तो’ अशा पद्धतीने करा. आणि वही, पासबुकं, पॉलिसी, पासवर्ड लिहिलेला कागद कुठल्या कप्प्यात आहे, हे बायकोला तोंडी न सांगता तिच्या हातानेच तो कप्पा एकदा उघडून घ्या. बाबा गेल्यावर आईला पोस्टातलं एक खातं आहे हे सात महिन्यांनी कळलं, तेही जुन्या पाकिटात सापडलेल्या पावतीवरून.